पालकांचा फोन आला की समुपदेशकाने नेमकं काय करायचं?

प्रश्न : नवी_समुपदेशक

नमस्कार. एका कॉलेजात समुपदेशक म्हणून काम करते, रुजू होऊन फार दिवस झालेले नाहीत. मुलांसमोर कसं बसायचं, कसं ऐकायचं याचं रीतसर शिक्षण झालंय, सुपरव्हिजनही (अनुभवी समुपदेशकाचं मार्गदर्शन) चालू आहे. पालकांचा विषय मात्र अभ्यासक्रमात एका तासात उरकला होता, आणि प्रत्यक्षात आठवड्यातला बराच वेळ त्यांच्याच फोनमध्ये जातो.

फोन साधारण तीन तऱ्हेचे असतात. ‘तो तुमच्याकडे येतो का, एवढंच सांगा’ हा पहिला. ‘तिला जरा अभ्यासाचं समजावा, आमचं ऐकत नाही, तुमचं ऐकेल’ हा दुसरा. या दोघांना काय म्हणायचं ते ठाऊक आहे. तिसरा फोन जड जातो. परवा एका आईंचा आला होता (तपशील बदलून लिहितेय). मुलगी दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. पूर्वी रात्री स्वतःहून फोन करायची. आता चार वेळा केला तर एकदा उचलते आणि ‘हो, ठीक आहे, झोपतेय’ म्हणून ठेवून देते. सुट्टीत घरी आली तेव्हा दुपारपर्यंत अंथरुणात. मैत्रिणींचे फोन वाजत राहायचे, तेही घेत नव्हती. आई म्हणाल्या, ‘मॅडम, ती तुम्हाला काय सांगते ते मला नका सांगू. मी रोज फोन करू की नको करू, तेवढं सांगा.’

आमच्याकडचे सीनियर म्हणतात, विद्यार्थी सज्ञान आहे, गोपनीयतेचा प्रश्न आहे, पालकांशी बोलायचंच नाही. नियम मला मान्य आहे आणि तो का आहे हेही कळतं. पण त्या बाईंना ‘मी काही बोलू शकत नाही’ म्हणून फोन ठेवणं पटत नाही. मी त्या मुलीच्या आयुष्यात आठवड्यातून एक तास असेन. आई कायम असणार आहे.

म्हणून अनुभवी मंडळींना विचारते. मुलाची परवानगी नसताना पालकांना काय देता येतं? परवानगी मागायची तर कशी? आणि जिवाला धोका वाटला तर कुठवर जायचं? विद्यार्थी आणि पालक वाचत असतील तर त्यांनीही जरूर लिहावं.

उत्तर : जुनी_समुपदेशक

तुमच्या सीनियरांचा नियम बरोबर आहे, त्यातून काढलेला अर्थ बरोबर नाही. मुलीने खोलीत सांगितलेलं बाहेर जाता कामा नये, इतकाच तो नियम. आईने बोलू नये, किंवा आईला आपण काही शिकवू नये, असं त्यात कुठेही नाही. मी अनेक वर्षं कॉलेजच्या मुलांबरोबर काम करतेय आणि माझं मत पक्कं होत गेलंय : पालकांना माहिती कमी द्यावी, काम जास्त द्यावं. काम द्यायला कुणाचं गुपित फोडावं लागत नाही.

फोन आला की सुरुवातीलाच मी सगळ्यांना एकच सांगते. ‘माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही हे मी कुणालाच सांगत नाही. पण तुम्हाला मला जे सांगायचंय ते जरूर सांगा, आणि तुम्ही काय करावं यावर आपण हवं तेवढं बोलू.’ लगेच दुसरं : ‘तुमचं मूल माझ्याकडे येत असेल, तर तुम्ही फोन केला होता हे मी त्याच्यापासून लपवणार नाही.’ हे दुसरं वाक्य गाळू नका. काही पालक म्हणतात, त्याला कळू देऊ नका हं. तिथे ठाम राहायचं. पालकांबरोबर एक जरी गुपित ठेवलंत, तर मुलाला कळेल त्या दिवशी तो उठून जाईल आणि परत येणार नाही.

मग पालकांना आजाराचं निदान विचारायचं नाही, डोळ्यांना काय दिसलं ते विचारायचं. झोप कधी, किती. खाणं कमी झालं का वाढलं. अंघोळ, कपडे. पूर्वी जे आवडीने करायचा ते अजून करतो का. पैसे अचानक जास्त लागताहेत का. आणि हे कधीपासून. नैराश्य तपासायला जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली (2001 सालची) मागच्या दोन आठवड्यांबद्दलच विचारते. तेवढा काळ बहुतेक दिवस हीच स्थिती असेल, तर ‘मूड नाही’ म्हणून सोडून देऊ नये.

तुमच्या त्या आईंनी एक गोष्ट फार मोलाची सांगितली आहे. मुलगी त्यांचा फोन घेत नाही हे कदाचित मोठं होण्याचं लक्षण असेल. या वयात आईवडिलांपासून थोडं लांब जाणं होतंच. जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञाने 2000 साली अठरा ते पंचवीस हा टप्पा किशोरवय आणि प्रौढपण यांच्यामधला, दोन्हींहून वेगळा म्हणून मांडला, तेव्हा या चाचपडण्यावरच त्याचा भर होता. पण मुलगी मैत्रिणींचाही फोन घेत नाही. मूल घरापासून तुटून मित्रांकडे जातंय, की घरापासूनही तुटतंय आणि मित्रांपासूनही, हा फरक पालकांना सांगून ठेवा. पहिल्यात बहुधा वाट पाहावी. दुसऱ्यात पाहू नये.

पालक ‘आमच्याच घरी हे का’ असं विचारतात तेव्हा दोन आकडे उपयोगी पडतात. 2022 साली छापून आलेल्या एका मोठ्या आढाव्यात 192 अभ्यास एकत्र केले होते. मानसिक आजार झालेल्यांपैकी साधारण 48 टक्क्यांमध्ये तो अठराच्या आत सुरू झालेला होता आणि 62 टक्क्यांहून जास्त लोकांमध्ये पंचविशीच्या आत. दुसरा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या विद्यार्थी सर्वेक्षणातला : आठ देशांतली 19 कॉलेजं, पहिल्या वर्षाचे जवळपास चौदा हजार विद्यार्थी, आणि त्यांतल्या 35 टक्क्यांच्या उत्तरांत आयुष्यात कधीतरी निदान एका मानसिक विकाराची लक्षणं दिसली. हे ऐकलं की ‘आम्ही कुठे कमी पडलो’ हा सूर जरा खाली येतो आणि बोलणं ‘आता काय’ वर येतं.

आता मूळ प्रश्न : रोज फोन करू का. मी आईवर तो निर्णय टाकत नाही, मुलीला विचारायला सांगते. ‘आठवड्यातून किती वेळा बोललेलं तुला झेपेल? वार आणि वेळ तू ठरव.’ बाकीच्या दिवशी एखादा मेसेज, आणि त्यात स्पष्ट लिहायचं की उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मनावर दगड असलेल्या मुलाला प्रत्येक न दिलेलं उत्तर हे आणखी एक अपयश वाटतं, म्हणून ही सूट महत्त्वाची. त्याबरोबर एक किमान खूण ठरवून घ्यायची, रात्री नुसता एक ठिपका पाठवला तरी पुरे. आईची धास्ती ठिपक्याने कमी होते आणि मुलीला बोलावं लागत नाही.

आणि बोलायचं काय, हे सांगून होत नाही, करून घ्यावं लागतं. मी फोनवरच पालकांना म्हणते, ‘मी तुमची मुलगी आहे असं समजा. बोला.’ आई सुरू होतात : ‘जेवलीस का? लेक्चरला गेली होतीस ना? काल किती वाजता झोपलीस?’ मी तिन्हींना ‘हो’ म्हणते आणि गप्प बसते. दुसऱ्या टोकाला त्या हसतात, म्हणतात, अगदी अशीच बोलते ती. मग आम्ही तोच फोन परत करतो. आता प्रश्न नाही, जे जाणवलं ते सांगायचं : ‘तुझा आवाज थकल्यासारखा वाटतोय. घाई नाही, मी आहे फोनवर.’ आणि यानंतर थांबायचं. हे थांबणं फार अवघड जातं. सहा-सात सेकंदांतच आईंच्या तोंडून सल्ला बाहेर पडतो : लवकर झोपत जा, व्यायाम कर, पॉझिटिव्ह विचार कर. मी मध्येच अडवते आणि पुन्हा सुरू करायला लावते. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पालकांना अर्धा तास आनंदाने देते, कारण घरी यानेच फरक पडताना पाहिलंय.

यामागे जुनं संशोधनही आहे. जॉर्ज ब्राऊन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाचे रुग्ण घरी परतल्यावर कुणाचा आजार उलटतो हे पाहिलं. घरात सतत टीका, राग किंवा जिवाचा आटापिटा करणारी अति काळजी असेल, तिथे तो जास्त उलटत होता. पुढे नैराश्यातही असंच चित्र दिसलं. लक्षात घ्या, टीकेच्या पंक्तीत अति काळजीही बसलेली आहे. टीका करू नये हे पालकांना पटतं. काळजीही बेताची हवी, हे सांगताना आपल्याला शब्द जपून वापरावे लागतात. घरच्यांमुळे आजार होतो असा याचा अर्थ मुळीच नाही, हे त्याच वाक्यात सांगायचं, नाहीतर आई फोन ठेवून रडत बसेल.

ही अति काळजी कॉलेजच्या वयात अशी दिसते : वडील रोज सकाळी फोन करून उठवतात, आई प्राध्यापकांना ईमेल लिहिते, मूल परीक्षेला घाबरतं म्हणून घरचेच ‘राहू दे, पुढच्या वेळी दे’ म्हणतात. मुलाला त्या दिवशी बरं वाटतं आणि भीती आणखी घट्ट होते. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी ‘स्पेस’ नावाची पद्धत तयार केली आहे. तिच्यात मुलाला बोलावतच नाहीत, फक्त पालकांबरोबर काम करतात. 2020 च्या त्यांच्या चाचणीत चिंता असलेल्या मुलांना याचा फायदा मुलांनी स्वतः थेरपी घेण्याइतकाच झाला. ती मुलं 7 ते 14 वर्षांची होती, म्हणून कॉलेजला ती जशीच्या तशी लावू नये. पण तिचा गाभा मी वापरते. पालकांनी एकच मदत निवडायची, ती कधीपासून बंद होणार हे आधी सांगायचं, आणि सांगताना दोन्ही गोष्टी एका दमात बोलायच्या : ‘तुला हे खरंच जड जातं हे मला कळतं, आणि तुला हे जमेल याची मला खात्री आहे.’ नुसता पहिला भाग दया होते, नुसता दुसरा भाग दटावणी. मूल तीव्र नैराश्यात असेल तेव्हा मात्र आधार काढून घेण्याचा हा प्रयोग करायचा नाही. तेव्हा उठवणारा फोन चालू राहू दे.

धोक्याबद्दल. स्वतःला इजा करण्याचा विचार आहे का, हे पालकांनी सरळ विचारावं असं मी सांगते, आणि प्रत्येक वेळी तीच भीती ऐकते : विचारल्याने डोक्यात येईल. 2014 साली 13 अभ्यासांचा आढावा घेतला गेला. विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार लक्षणीय वाढल्याचं एकातही आढळलं नाही. शब्द साधे असू द्यात : ‘जगू नये असं वाटतं का? मरण्याचा विचार येतो का?’ उत्तर ‘हो’ आलं तर ओरडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, ‘आमचा विचार केलास का’ म्हणायचं नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणायचं, एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं आणि इजा करता येईल असं सगळं हाताबाहेर ठेवायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा तातडीची सेवा गाठायची. सेफ्टी प्लॅन आपण विद्यार्थ्याबरोबर बसून लिहितो : धोक्याच्या खुणा कोणत्या, स्वतःला सावरायला काय करता येतं, कोणाकडे जायचं, कोणाला फोन करायचा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी बांधलेल्या या पद्धतीचा 2018 साली अमेरिकेत अभ्यास झाला. तातडीच्या विभागातून घरी जाताना प्लॅन आणि नंतर पाठपुराव्याचे फोन मिळालेल्यांमध्ये सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन 45 टक्क्यांनी कमी दिसलं. त्या प्लॅनमधलं पालकांचं पान, विद्यार्थी हो म्हणाला तर, मी त्याच्यासमोरच पालकांच्या हातात देते.

हो म्हणाला नाही आणि धोका खरा असेल तर गोपनीयता तिथे थांबते. कायदा देशागणिक वेगळा आहे, तुमच्याकडचा नीट वाचून ठेवा, आणि ही मर्यादा मुलाला पहिल्याच भेटीत सांगा, संकटात नाही. फोन करायची वेळ आलीच तर आधी त्याला सांगायचं : ‘मी तुझ्या घरी कळवणार आहे. काय सांगायचं आणि काय नाही ते आपण दोघं ठरवू, आणि फोन तुझ्यासमोर करते.’ आईवडिलांना जीव धोक्यात आहे हे कळायला हवं. त्यामागचं प्रेमप्रकरण कळायलाच हवं असं नाही. घरातच मारहाण किंवा छळ होत असेल तर अर्थातच घरी नाही, दुसरा भरवशाचा मोठा माणूस शोधायचा.

उत्तर : शेवटच्या_वर्षाला

विद्यार्थी म्हणून लिहितो. वरच्या मॅडमनी बरोबर लिहिलंय, पण आमच्या बाजूचं थोडं अजून ठळक लिहायला हवं. मुलं काउन्सेलरकडे का जात नाहीत याचं आमच्या हॉस्टेलवरचं पहिलं कारण हेच आहे : ‘घरी कळेल.’ एकाच्या बाबतीत कळलं अशी नुसती अफवा उठली तरी पूर्ण मजला त्या खोलीकडे फिरकत नाही. त्यामुळे आईला मदत करायची घाई असली तरी त्या दारावरचा विश्वास आधी सांभाळा.

परवानगी कशी मागावी, याचं माझ्यापुरतं सांगतो. माझ्या काउन्सेलरनी ‘घरी सांगू का’ असं विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला, मधोमध रेघ मारली आणि म्हणाल्या, घरच्यांना कळलं तर तुला मदत होईल ते डावीकडे लिही, जे कळायला नको ते उजवीकडे. उजवी बाजू लगेच भरली. डावीकडे मी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं : ‘रात्री झोप लागत नाही. दोन विषय राहिले. आळशीपणा नाहीये.’ त्यांनी ती डावी बाजू मला मोठ्याने वाचायला सांगितली आणि विचारलं, हे तू सांगशील की मी सांगू, की दोघांनी मिळून? मी म्हणालो, तुम्ही सुरुवात करा, विषयांचं मी सांगतो. कागद शेवटी माझ्याच खिशात राहिला.

त्या फोनवर बाबा एकदम गप्प झाले होते. त्यांना काय बोलावं सुचत नव्हतं, तर मॅडमनीच विचारलं, ‘तुम्हाला आत्ता काही बोलायलाच हवं असं नाही, पुढच्या रविवारी बोलाल का?’ मला ते फार बरं वाटलं, कारण बाबांना लगेच उत्तर द्यावं लागलं असतं तर ते रागाचं आलं असतं.

आणखी एक. परवानगी एकदा दिली म्हणजे कायमची दिली असं धरू नका. पुढच्या भेटीत परत विचारा. मी नंतर एक गोष्ट उजवीकडून डावीकडे आणली, आणि एक डावीकडची परत उजवीकडे नेली.

उत्तर : हॉस्टेलवाल्या_लेकीचा_बाबा

पालक म्हणून दोन शब्द. मुलीच्या मनात काय चाललंय ते मला कळायलाच हवं, असं मला आजही वाटतं, वाटणारच, बाप आहे. पण ते कळलं नाही तरी निभावतं. काय करायचं हे कळलं नाही तर निभावत नाही. तिच्या कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी मला तिच्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही, आणि तरी तो फोन संपल्यावर माझा जीव भांड्यात पडला, कारण हातात करण्यासारखं काहीतरी होतं.

त्यांनी मला मुलगी सुट्टीत घरी येण्याआधी तयार केलं. म्हणाल्या, पहिले दोन दिवस परीक्षेचा विषय काढायचा नाही, आणि नातेवाइकांनी काढला तर तो तुम्ही अडवायचा, तिला उत्तर द्यायला लावायचं नाही. हे दुसरं मला कधी सुचलंच नसतं. भावाने विचारलं, काय गं, किती टक्के? मी म्हणालो, ते आमचं आम्ही बघतोय, तू तुझं सांग. मुलीने माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली, पंख्याच्या आवाजाबद्दल काहीतरी बोलली, आणि मग हळूहळू बाकीचंही. सगळं नाही, पण पुरेसं.

बोलण्यासाठी समोरासमोर बसवू नका, असंही त्यांनी सांगितलं होतं. गाडीत, चालताना, भांडी आवरताना, म्हणजे डोळ्याला डोळा न भिडता बोलायचं. हे आमच्याकडे फार लागू पडलं.

समुपदेशकांना एक विनंती. आईशी बोलता तसं वडिलांशीही बोला. कॉलेजच्या अर्जावर नंबर माझा होता, पण पत्र आलं ‘आपल्या पाल्याच्या आईस’ असं. आम्हाला कुणी बोलावलं नाही तर आम्ही फी भरून गप्प बसतो, आणि मग म्हणतात वडिलांना काही पडलेलं नाही.

उत्तर : मानसोपचारतज्ज्ञ_एक

वर सगळं छान आलंय. माझ्या कामाच्या बाजूने औषधांबद्दल तेवढं लिहितो, कारण समुपदेशकांनी पाठवलेली मुलं औषध अर्ध्यावर सोडतात ती अनेकदा घरच्यांच्या सांगण्यावरून. ‘सवय लागेल, किती दिवस घेणार’ हे वाक्य फोनवर ऐकलं की मुलगा पुढच्या आठवड्यात गोळी बंद करतो.

पालकांना तुम्ही आधीच सांगू शकता, त्याला औषध चालू आहे की नाही हे न सांगताही. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मळमळ, झोपेतला फरक असे त्रास मात्र आधी दिसतात, त्यामुळे सुरुवातीला ‘औषधाने उलट वाईट झालं’ असं वाटतं. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने तरी गोळी चालू ठेवतात, आणि थांबवताना डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण एकदम थांबवल्या तर चक्कर, अस्वस्थता होऊ शकते, आणि लोक त्यालाच सवय समजतात.

एक इशाराही द्या. 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढण्याची शक्यता असते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 पासून या गोळ्यांवर तशी सूचना छापायला लावली आहे. त्याआधी, 2004 मध्ये, ती लहान आणि किशोरवयीन मुलांपुरती होती. याचा अर्थ औषध घेऊ नये असा नाही. पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यावर कुणीतरी जवळून लक्ष ठेवावं असा आहे. अचानक बेचैनी, चिडचिड, झोप उडणं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करावा. तसंच, झोपच नको, डोक्यात मोठमोठ्या योजना, पैसा उधळणं असं काही पालकांनी पूर्वी पाहिलं असेल, किंवा घरात कुणाला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी नैराश्य असे झोके देणारा आजार) असेल, तर ते आम्हाला सांगायला सांगा. मूल स्वतः हे क्वचितच सांगतं, आणि त्यावर औषध बदलतं.

प्रतिसाद : नवी_समुपदेशक

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या आईंना मी उलट फोन लावला आणि फोनवरचा सराव करून घेतला. त्या खरंच तिसऱ्या फेरीत थांबल्या. मुलगी माझ्याकडे येते की नाही हे अर्थातच मी बोलले नाही. माझ्या पत्त्याचा आणि वेळेचा मेसेज त्यांनी तिला पाठवायचा, ‘तुला हवं असेल तर, मी विचारणार नाही’ एवढं लिहून, असं ठरलं.

आता एक शेवटचं. दोन दिवसांनी वडिलांचा फोन आला. म्हणाले, ‘हे डिप्रेशन वगैरे आमच्या वेळी नव्हतं. दोन विषयांत नापास झाली की सगळं सुचतं यांना. तुम्ही तिला चार शब्द सुनावा.’ यांना काय काम द्यायचं?

उत्तर : जुनी_समुपदेशक

डिप्रेशन या शब्दावरून त्यांच्याशी वाद घालू नका. तो शब्द त्यांना मान्य करायला लावण्यात एक महिना जाईल आणि मुलीला काही मिळणार नाही. त्यांना दोन विषयांची काळजी आहे ना, तर तिथूनच धरा. ‘तुम्हाला ती पास व्हायला हवी आहे, बरोबर. मुलीला झोप लागत नसेल तर डोक्यात काही राहत नाही. घरी होती तेव्हा किती झोपायची, तुम्ही पाहिलं का?’ बहुतेक वडिलांनी पाहिलेलं असतं. खोलीतला दिवा किती वाजेपर्यंत चालू होता हे ते तुम्हाला नेमकं सांगतील. जो माणूस दिव्याची वेळ सांगतो त्याला काळजी आहे. ‘म्हणजे तुम्ही रात्री जागे होतात’ असं त्यांना सांगा. ते थोडा वेळ काही बोलणार नाहीत.

मग छोटं काम द्या. पुढची परीक्षा होईपर्यंत निकालाचा विषय फक्त तिने काढला तर बोलायचा, आणि परीक्षेच्या फॉर्मची तारीख, राहिलेल्या विषयांचा नियम, गरज पडली तर एक सत्र मागे राहता येतं का, ही चौकशी वडिलांनी कॉलेजच्या ऑफिसात करून ठेवायची. तिला न विचारता कुठलाही अर्ज मात्र द्यायचा नाही. अशा वडिलांना भावनांवर बोलता येत नाही, पण ऑफिसात रांगेत उभं राहता येतं, आणि नैराश्यातल्या मुलीला नेमकी तीच रांग झेपत नसते. चार शब्द सुनावण्याबद्दल सरळ सांगा की ते मी करणार नाही, आणि तुम्हीही पुढच्या फोनपर्यंत करू नका. पुढचा फोन कधी, ते त्यांच्याकडून आत्ताच ठरवून घ्या.